पहिलं चॉकलेट

आमच्या भांडुपच्या शाळेत तावडेबाईंच्या वर्गातली मुलं स्वतःच्या वाढदिवसाला घाबरायची. रंगीत कपडे घालून, चॉकलेटांची पिशवी घेऊन पोर ऐटीत आलं की बाई दारातच अडवायच्या.

"हॅपी बर्थडे. कट्टी कोणाशी?"

पहिलं चॉकलेट त्यालाच द्यायचं. कट्टी नाहीच, असं कोणी म्हटलं तर बाई मॉनिटरला विचारायच्या, आणि मॉनिटरला सगळं ठाऊक असायचं.

"आणि त्याने नाही घेतलं तर?"

"उद्या परत. नियम म्हणजे नियम."

एका मुलीने एकच चॉकलेट चार दिवस पुढे केलं. ते वितळून कागदाला चिकटलं, तेव्हा समोरचीने "दे गं एकदाचं!" म्हणून घेतलं.

मी शेजारच्या वर्गात गणित शिकवते. मधे फक्त कपाटांची भिंत. माझे पाढे चालू असताना पलीकडे रडारड. "अहो बाई, मुलं आहेत, आपोआप बोलतील," मी वैतागून म्हणायचे.

"आपोआप काय होत नाय गो," म्हणून त्या खडू उचलायच्या.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी बाई पेढ्यांचा बॉक्स घेऊन वर्गात गेल्या. पहिल्या बाकावरची आर्या उभी राहिली. "बाई, तुमची कट्टी कोणाशी?"

वर्ग खिदळला. मी पाढे थांबवून कपाटांच्या फटीतून बघितलं.

"भावाशी," बाई म्हणाल्या. "दहिसरला असतो."

"किती दिवस?"

"अकरा वर्षं."

एकाही मुलाने पेढ्याला हात लावला नाही. पहिला पेढा अजून दिला नव्हता ना!

संध्याकाळी बाई मला म्हणाल्या, "येतेस?" दोन बस बदलून आम्ही दहिसरला पोचलो. आईच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून भावंडांचं बिनसलं होतं, एवढं मला वाटेत कळलं. भावाच्या दाराआड टीव्ही मोठ्याने चालू होता. बाईंनी बेल दाबली. "दादा, मी शालू."

टीव्ही बंद झाला. दार उघडलं नाही.

तळहातावर पेढा घेऊन बाई उभ्या होत्या. मी पुन्हा बेलकडे हात नेला, तर त्यांनी तो धरला. पेढा रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

"मुलांना सांगा, दिला म्हणून," परतताना मी म्हटलं. "कोण बघायला येतंय?"

दुसऱ्या दिवशी कपाटांपलीकडून त्यांचा आवाज आला. "त्याने दार उघडलं नाही."

मग आर्या म्हणाली, "मग उद्या परत ना, बाई?"

उद्या बाई शाळेत नसणार, हे त्या पोरीच्या लक्षातच नव्हतं.

"हो," बाई म्हणाल्या. "नियम म्हणजे नियम."

बाकीचे पेढे मधल्या सुट्टीत मीच वाटून टाकले. खराब झाले असते.

बाई आता दर शनिवारी दहिसरला जातात आणि परतल्यावर मला फोन करतात. सोमवारी आर्या माझ्या वर्गाच्या दारात येते. "बाई, उघडलं?"

"नाही," मी सांगते. "पण टीव्ही बंद होतो."