वर न पाहण्याबाबत

माणसाला मान दिली आहे ती मुख्यतः होकार देण्यासाठी. वर पाहण्यासाठी तिचा वापर केल्यास मान दुखते आणि पुढचे त्रास वेगळेच.

हे शास्त्र आमच्या नववी ब इतकं जळगावात कोणालाच कळलेलं नाही, असं मी अभिमानाने सांगते. आमच्या वर्गात एक पंखा आहे. (दुसराही आहे, पण तो शोभेचा.) सदर पंखा चार बोल्टांपैकी दोनांवर समाधानी असून फिरताना नाही-नाही अशी मान हलवतो. वर्गात नकार देणारा तो एकटाच.

पंख्याखालच्या बाकावर दीपमाला बसते. ती बोदवडहून उशिरा आली, तेव्हा तेवढीच जागा रिकामी होती. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "हा पडेल का गं?" वर्गाने एकमताने कळवलं, "पडला तर पडला. तू आधी बस!"

मी पाहणी केली. एकूण मुली त्रेचाळीस. पंखा पडणार हे माहीत असलेल्या: त्रेचाळीस. सांगितलेल्या: निरंक. कारणं विचारली, तर 'सांगितलं की पंखा बंद करतील, मग उन्हात मरायचं का?' एकतीस, 'मला काय करायचंय?' आठ, 'आधी तू सांग' तीन (यात मी), आणि 'मी नवीन आहे गं' एक. ही शेवटची कोण, ते सांगायला नको.

शिपाई पुना आबांना मात्र मी विचारलं होतं. (विचारणं म्हणजे सांगणं नव्हे.) आबा म्हणाले, "पंखा शे ना तो? मंग हालीच ना! हालना नही ते वारा कथाईन येई?" (हलला नाही तर वारा कुठून येणार, हेही खरंच.) आणि दुरुस्ती नोंदवहीत त्या महिन्यापुढेही 'निरंक' लिहून मोकळे झाले. अक्षर काय सुंदर आहे त्यांचं!

दीपमालाच्या वहीवर रोज छताचे पोपडे पडायचे. सुनंदा मॅडमनी तिचे दोन गुण कापले: वही अस्वच्छ. मग एक दिवस ती वडिलांचं जुनं हेल्मेट घालून बाकावर बसली. मॅडमनी हेल्मेटकडे पाहिलं. मग, फार तर अर्धा सेकंद, वर पाहिलं. मग टाळ्या वाजवल्या.

"शाब्बास दीपमाला! रस्ता सुरक्षा!"

फळ्यावर घोषवाक्य आलं. रस्ता वर्गात कुठून आला, हे कोणी विचारलं नाही. सहावीच्या मुली हेल्मेट बघायला येऊन गेल्या.

मार्चमध्ये तपासणी आली. 'काही अडचण?' याला 'नाही सर!' हे उत्तर आम्ही तीनदा पाठ केलं होतं, चालीसकट. साहेबांची खुर्ची भरपूर वाऱ्यासाठी दीपमालाच्या बाकाशेजारी मांडली होती. साहेब आले, बसले, आणि कोणी काही म्हणायच्या आत खुर्ची दोन फूट मागे घेऊन पुन्हा बसले.

"काही अडचण?"

"नाही सर!"

"हे काय, बेटा?" साहेबांनी हेल्मेटकडे बोट दाखवलं.

"रस्ता सुरक्षा, सर," मॅडम म्हणाल्या.

"तिला बोलू द्या."

हेल्मेटची काच आतून धुरकट झाली होती. आतून आवाज आला, "रस्ता सुरक्षा, सर." तेवढ्यात वरून एक पोपडा निघाला आणि हेल्मेटवर टक्कन वाजला. एवढा स्पष्ट आवाज त्या वर्गात वर्षभरात कोणी काढला नव्हता.

"अभिनव उपक्रम," असं म्हणत साहेब लिहायला लागले.

"सर, पंखा पडणारे तिच्यावर!"

हे कोण बोललं म्हणून मी मागे पाहिलं. मागे भिंत होती. सगळ्या माझ्याकडेच बघत होत्या.

साहेब शांतपणे म्हणाले, "हो ना. म्हणून तर मी खुर्ची मागे घेतली."

पंखा त्याच दिवशी बंद झाला. उतरवलेला नाही, उतरवण्याचा प्रस्ताव गेला आहे. बाहेर त्रेचाळीस अंश आणि आत (मी आणि दीपमाला सोडून) एकेचाळीस मुली, ज्यांना वर्षभर शब्द सापडत नव्हता, त्या मधल्या सुट्टीत धबधब्यासारख्या बोलल्या. "सपने, तुला काय गरज होती?" "मोठी शहाणी!" "आता घाल वारा, वहीने!" माझ्या शेजारची अभिमानाने उठून दुसरीकडे गेली. त्यामुळे झालेल्या रिकाम्या जागेवर दीपमाला येऊन बसली. हेल्मेट काढल्यावर तिचे केस कुरळे आहेत, हे मला तेव्हा कळलं. तिने वहीने मला वारा घातला. दोन गुण कापलेलीच वही होती ती.

पंख्याखालचा बाक सध्या रिकामा आहे. जूनमध्ये कोणीतरी नवीन येईलच.

आता तुमचं. हे वाचताना तुम्हीही एकदा वर पाहिलंत, आणि खुर्ची थोडी सरकवलीत. उत्तम केलंत. फक्त, तुम्ही सोडलेल्या जागेवर आता कोण बसतं?