मुंजातात्यांचा तांब्या

आमच्या गल्लीत कुणी नवी गाडी आणली की पेढ्यांच्या आधी मुंजातात्या येतात. हातात पितळी तांब्या असतो, काठोकाठ भरलेला. ते बॉनेट उघडायला सांगत नाहीत, मायलेज विचारत नाहीत, किंमत तर नाहीच नाही. मागचं दार उघडतात, आत बसतात, तांब्या मांडीवर धरतात आणि मालकाला सांगतात, "चला, धरणापस्तोर जाऊन येऊ."

परत आल्यावर तांब्यात डोकावून निकाल लागतो. आजवर गल्लीतल्या सात गाड्या त्यांनी नापास केल्या. एका पुढाऱ्याची पांढरी, उंच, बंगल्याएवढी गाडी होती. तीत बसल्यावर आपण निवडून आल्यासारखं वाटायचं. तात्यांनी तिच्यात फेरी मारली आणि उतरून म्हणाले, "झुला हाय." पुढारी दोन दिवस जेवला नाही असं म्हणतात. कुणी वाद घातलाच तर तात्यांचं ठरलेलं उत्तर असतं, "पाणी बोलतंय, म्या न्हाई."

तात्या तीस वर्षं एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. आता निवृत्त आहेत. आमच्या शेजारीच घर. घरात ते आणि गयाकाकू दोघंच. काकू माजलगाव सोडून कुठं जात नाहीत. लग्नकार्याला त्यांचा आहेर जातो, त्या जात नाहीत. त्यांना गाडी लागते, एवढं गल्लीला ठाऊक होतं. त्याच्या पुढचं आम्ही कधी विचारलं नाही.

आता माझ्याकडे येतो. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. वय त्रेचाळीस, कमरेला पट्टा, डोक्यावर आठवणीपुरते केस. घरापासून शाळा इतकी जवळ की घंटा घरात ऐकू येते. अशा माणसाला वेगवान, बुटकी, टर्बो इंजिनाची लाल गाडी हवी होती. कशाला, हे मला आजही सांगता येत नाही. आयुष्यभर मी बायकोच्या स्कुटीवर मागं बसून बाजारात गेलोय, कदाचित त्याचा सूड असावा. वर्षभर मी मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ पाहत होतो. कुठली गाडी किती सेकंदांत शंभरचा वेग गाठते, हे मला आमच्या शाळेच्या पटसंख्येपेक्षा जास्त पाठ होतं. शिक्षकांच्या खोलीत मी टॉर्कवर बोलायला लागलो की सगळ्यांना एकदम वह्या तपासायची आठवण व्हायची.

घरी मात्र मामला कठीण होता. आईचे गुडघे दुखतात, तिला उंच सीट हवी. मुलांना पाय पसरायला जागा हवी. सुनीताची, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीची, अट अशी की डिकीत गव्हाचं पोतं आडवं मावलं पाहिजे. मी तिला समजावलं की मला हवी ती गाडी चार दारांची आहे, मागची सीट दुमडते, ती अगदी संसारी गाडी आहे, फक्त स्वभावानं जरा अवखळ. सुनीतानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मुंजातात्यांनी पास केली तर घ्या."

बाई हुशार आहे. नाही म्हणून वाईटपणा घ्यायचा नाही आणि गाडी तर येऊ द्यायची नाही. सात उंच, मऊ, आरामशीर गाड्या नापास करणारा माणूस माझी बुटकी गाडी पास करील, हे मलाही खरं वाटत नव्हतं. माझं वर्षभराचं स्वप्न एका तांब्यावर टांगलं गेलं.

रविवारी आम्ही तिघं बीडच्या शोरूमला गेलो. मी, सुनीता आणि तात्या. तात्यांच्या कापडी पिशवीत तांब्या. तिथल्या विक्रेत्यानं सनरूफ, टचस्क्रीन, सहा एअरबॅगा वगैरे पाठ म्हणून दाखवलं. तात्यांनी सगळं ऐकलं आणि नळ कुठं आहे ते विचारलं.

मी स्टिअरिंगवर बसलो. बसलो म्हणजे आत उतरलो. एक पाय आत घेतला तेव्हा दुसरा कुणाचा आहे असं वाटावं इतकी माझी कंबर अवघडली. सुनीता शेजारी. तात्या मागं, मांडीवर तांब्या. मी आरशात त्यांच्याकडे पाहून विचारलं, तुम्ही कायम मागंच का बसता? पुढं या की.

"इंजनाचं ड्रायव्हर बघतो, सर," तात्या म्हणाले. "मागच्याचं कोण बघावं?"

मोकळा रस्ता लागल्यावर मी वर्षभराची हौस फेडली. पाय दाबला. गाडी अशी सुटली की सुनीतानं दोन देवांची नावं एकत्र घेतली आणि तांब्यातलं निम्मं पाणी तात्यांच्या धोतरावर आलं. झालं, म्हटलं, संपलं. पण तात्यांनी ओला सोगा पिळून तांब्या बाटलीतल्या पाण्यानं पुन्हा भरला आणि पुढच्या वळणावर म्हणाले, "परत घ्या." मी ते वळण परत घेतलं. पुन्हा म्हणाले, परत. एकच वळण त्यांनी मला पाच वेळा घ्यायला लावलं. दर वेळी ते मान खाली घालून पाण्याकडे असे बघत होते, जसं मी शेवटच्या बाकावरच्या पोराच्या वहीकडे बघतो.

पाचव्या वेळेनंतर त्यांनी मान वर केली. "पाणी उडतंय, पर डुलत न्हाई," ते म्हणाले. "ही घ्या."

सुनीताचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. विक्रेता लगेच सांगू लागला की बुटक्या गाडीचं सस्पेन्शन कडक असतं, म्हणून वळणावर ती कलत नाही. मला तेवढ्यात आपल्या चालवण्याचाही मोठेपणा वाटायला लागला. तसं मी तात्यांना सुचवलंसुद्धा. तात्या म्हणाले, "तुमचं चालवणं कच्चं हाय. गाडी पक्की हाय."

गाडी घरी आली. आईनं ओवाळलं, नारळ फुटला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. तात्या वाकले आणि मागच्या चाकाखालचं एक लिंबू उचलून त्यांनी खिशात टाकलं. आईला तो अपशकुन वाटला. तिनं त्यांना चांगलंच सुनावलं. तात्या म्हणाले की चिरडून काय उपयोग, खिशात असलं तर कुणाच्या तरी कामाला येईल. आईला पुढे महिनाभर गाडीत कुठलाही खडखडाट झाला की तो त्या लिंबाचा वाटायचा. त्यात तिला गाडीतून बाहेर काढायला आम्हा दोघांना लागावं लागे, मी ओढायला आणि सुनीता ढकलायला, त्यामुळे गाडीवर तिचा राग होताच. गव्हाचं पोतं मात्र आडवं मावलं, हे इथं नमूद करतो.

आठवड्यानं तात्या आले. इस्त्रीचं धोतर, नवी टोपी. तांब्या नव्हता. खुर्चीच्या कडेवर बसले आणि बराच वेळ आमच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. तीस वर्षं भरलेली बस पुढं नेणारा माणूस, पण स्वतःचं एक वाक्य त्यांना पुढं सरकवता येईना. सुनीतानं चहा दिल्यावर सगळं सावकाश बाहेर आलं.

काकूंचं माहेर केज तालुक्यात, युसूफ वडगावला. मधे धारूरचा घाट. लग्नानंतर पहिल्या सणाला तात्यांनी काकूंना स्वतःच्या बसमधून माहेरी न्यायचं ठरवलं. पुढं स्वतः, मागं नवी नवरी, तात्या नुसते फुगले होते. घाटात काकूंना इतकं उलटायला लागलं की बस मधेच थांबवावी लागली. उतारू कुरकुरले, कुणी हसले. ड्रायव्हरचीच बायको, असं कुणीतरी बोललं. काकूंना ते लागलं. त्या दिवसापासून काकू कुठल्याच मोटारीत बसल्या नाहीत. भाऊ बैलगाडी पाठवायचा तोवर मुक्काम करत करत जायच्या. पुढं बैल गेले, गाडी गेली. अकरा वर्षं झाली, काकूंनी आईचं तोंड पाहिलेलं नाही. म्हातारी नव्वदीला आलीय आणि तिला ऐकू येत नाही.

"मायलेकी फोनवर निसत्या हाका मारत्यात," तात्या म्हणाले. "ही म्हणती माय, ती म्हणती कोण हाय. म्या तितं उभं ऱ्हाऊ शकत न्हाई, सर."

मला फार लाज वाटली. या माणसाच्या तांब्यावर मी शिक्षकांच्या खोलीत किती विनोद केले होते, ते एकेक आठवू लागले. पुढच्या सीटवर परक्या पुरुषाशेजारी बसणं काकूंना या जन्मी जमलं नसतं, म्हणून तात्या प्रत्येक गाडीत मागं बसून ती किती डुलते ते बघत होते. मी म्हणालो, तात्या, गाडी तुमचीच, चालवा तुम्ही. त्यांनी मान हलवली. एकदा तिला मागं सोडून पुढं बसलो होतो तेवढं पुरे, म्हणाले.

रविवारी सकाळी निघालो. काकूंनी पदर घट्ट धरला होता, जणू वाघाच्या पिंजऱ्यात निघाल्यात. त्यांच्या मुठीत ते लिंबू होतं. तात्या शेजारी, मांडीवर तांब्या. गाडी सुरू झाली आणि मागून हुकूम आला, "तीसच्या वर न्हाई."

माझी टर्बो गाडी तीसनं चालली होती. कारखान्याला निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरनं, दोन ट्रॉल्यांसकट, आम्हाला मागं टाकलं. त्याच्या ड्रायव्हरनं वळून गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि कीव येऊन हॉर्न वाजवला. पुढं एक म्हातारा सायकलवर होता. त्याला गाठायला मला बराच वेळ लागला.

घाट लागला तसा काकूंचा श्वास मोठा झाला. तेव्हा तात्या हळू आवाजात बोलायला लागले.

"ड्रायव्हरला गाडी कधी लागत न्हाई. कावून? त्याला वळण आधी ठावं असतं. तू खाली बघू नको, समोर बघ. म्या सांगतो. आता डावं येतंय, लहान हाय. आता उजवं, मोठं हाय, हां, सरलं. आता डावं."

रस्ता मला दिसायच्या आत ते सांगत होते. एकही वळण चुकलं नाही. तीस वर्षं पाठ केलेला तो घाट ते आज एकाच उतारूला वाचून दाखवत होते. मी आरशात पाहिलं. काकूंनी मुठीतलं लिंबू सोडून तात्यांचं मनगट धरलं होतं. मग मी आरशात पाहणं बंद केलं, कारण मला रस्ता नीट दिसेना.

घाट संपल्यावर काकूंनी पाणी मागितलं. तात्यांनी तांब्या पुढं केला. वर्षानुवर्षं ज्याला गल्लीत कुणी तोंड लावलं नव्हतं, ते मोजायचं पाणी काकूंनी घटाघटा पिऊन टाकलं.

युसूफ वडगावला दारात गाडी थांबली. ओट्यावर म्हातारी बसली होती. काकू स्वतः दार उघडून उतरल्या आणि आमच्याकडे वळूनही न बघता तिच्याकडे गेल्या. म्हातारीनं ऐकलं काहीच नाही. तिनं काकूंच्या तोंडावरून हात फिरवला, कपाळावर, नाकावर, हनुवटीवर, आणि नाव घेतलं. गया.

तात्या गाडीतून उतरेनात. मी दार उघडून उभा राहिलो. ते रिकामा तांब्या मांडीवर धरून काचेतून ओट्याकडे बघत होते.

"या रस्त्यानं लोकांच्या लई लेकी माहेरी पोचवल्या, सर," ते म्हणाले. "घरची तेवढी ऱ्हायली होती."

त्यानंतर आमच्या गल्लीत दोन नव्या गाड्या आल्या. दोघांनीही तात्यांना बोलावणं धाडलं. तुमचं तुम्ही बघा, असा निरोप आला आणि तात्या काही गेले नाहीत. महिन्यातून एका रविवारी मात्र ते सकाळीच आमच्या दाराशी उभे असतात, काकूंना घेऊन. शाळेत परवा एकानं विचारलं, सर, तुमची गाडी शंभरला किती सेकंदांत जाते? मी खरं ते सांगितलं, की अजून गेलेलीच नाही.