मालगाडीवाले गनीभाई

आमच्या महाडात तेव्हा रेल्वे नव्हती. ऐंशीच्या आसपास ती फक्त निवडणुकीच्या भाषणांतून धावायची. तरीही आमच्या एसटी डेपोतले कंडक्टर गनीभाई आठवड्याच्या सुट्टीला पहाटेची एसटी पकडून पनवेल, खोपोली करत खंडाळ्याच्या घाटात जायचे आणि दिवसभर रुळांकडेला बसून फोटो काढायचे. फक्त मालगाड्यांचे. एक्स्प्रेस आली की हा गृहस्थ चक्क पाठ फिरवायचा.

मी त्याच डेपोत कारकून आणि त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी. एकदा विचारलं, "पॅसेंजर गाडीनं तुमचं काय घोडं मारलंय?"

"तिच्यात माणसं असतात रे साळवी. आठवडाभर मी दुसरं काय बघतो? मालगाडी बघ. एवढी लांबलचक, पण एक डबा सुट्टे मागत नाय. एकाला उलटी होत नाय. पोलादपूरला उतरायचं होतं म्हणून पुढं आंबेनळी घाटात जागा होऊन कोण बोंबलत नाय."

कॅमेरा मेहुण्यानं कुवेतहून पाठवलेला, घरच्यांचे फोटो काढून पाठवा म्हणून. गनीभाईंनी इमानानं पहिला लिफाफा धाडला. त्यात कोळशाच्या वाघिणी, तेलाचे टँकर आणि एका बोगद्याचं तोंड. मेहुण्याचं उत्तर आलं, 'फोटो मिळाले. माणसं कुठं आहेत?'

"आत बसलीत म्हणून कळव," गनीभाईंनी बायकोला सांगितलं. हलिमाभाभींनी अबोला धरला. तेवढ्या शांततेत गनीभाईंनी आणखी एक रोल धुऊन आणला.

एकदा मीही त्यांच्याबरोबर गेलो. बोगद्याच्या तोंडाशी दबा धरून बसलो होतो. आतून घरघर ऐकू आली आणि गनीभाईंमधला कंडक्टर जागा झाला. एसटी मागं घेताना पत्र्यावर मारतात तशा कातळावर थापा मारत ते ओरडू लागले, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे!" मालगाडी आज्ञाधारकपणे बाहेर आली. कॅमेरा डोळ्याला लागला कधी आणि खट्ट वाजलं कधी, मला कळलंही नाही. शेवटच्या डब्यातल्या एकट्या गार्डानं आमच्याकडे बघून हिरवा झेंडा हलवला.

"बघितलास? आपल्याच लायनीतला माणूस," गनीभाई म्हणाले. "पण मागं पॅसेंजर नाय. नशीब लागतं."

हे सगळं मी डेपोत रंगवून सांगायचो आणि लोक हसायचे. सांगायचो नाही ती गोष्ट पुढची.

गनीभाईंची मुलगी रझिया बावीस वर्षांची झाली होती. माणगावकडचं स्थळ आलं. मुलगा कुवेतला नोकरीला, लग्न करून लगेच घेऊन जाणार. त्यांनी फोटो मागितला. एवढंच अडलं होतं. पण पहिला रोल गाड्यांतच संपला. दुसऱ्यात म्हणे पाणी शिरलं. तिसरा घाटातून येतानाच भरला होता. स्टुडिओत जाऊ म्हटलं की गनीभाई भडकायचे. "घरात कॅमेरा असताना?"

"गाडीच्या शेपटाला रोल मिळतो, पोरीच्या तोंडाला मिळत नाय!" भाभी मला म्हणाल्या. "भाऊ, तुमीच काय ते बघा. ती लोकं थांबणार नायत."

शेवटी भाभींनी एक नवा रोल कॅमेऱ्यात घालून आणला आणि कॅमेरा कपाटात कुलूपबंद केला. रविवारी मला बोलावलं. परसात जास्वंदीपाशी रझिया नवी ओढणी घेऊन उभी. गनीभाईंनी कॅमेरा उचलला. खाली घेतला. ऊन डोळ्यांवर येतंय म्हणाले. तिला सावलीत नेलं, तर उजेड कमी. मग काच पुसली. मग पुन्हा पुसली.

"अब्बा, मी काय बोगद्यातून येतेय काय? काढा की! पाय दुखले माझे," रझिया हसत म्हणाली.

धावती गाडी डोळ्याचं पातं लवायच्या आत टिपणारा माणूस. त्याचं बोट बटणापर्यंत जाऊन मागं येत होतं. त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला.

"साळवी, तू दाब."

"मी? गनीभाई, माझे फोटो कसले येतात. हात तुमचा चांगला."

"म्हणूनच सांगतोय, तू दाब." मग रझियाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाले, "मालगाडीचा फोटो काढला तरी मालगाडी परत येते रे. हिचा काढला की ही जाणार."

मागं दारात भाभी उभ्या होत्या, समोर पोरगी उभी होती. बटण दाबताना हात हलवून मला फोटो बिघडवता आला असता. एवढंच तर ते मागत होते. मी हात हलवला नाही. श्वास रोखून बटण दाबलं.

फोटो असा आला की स्टुडिओवाल्यानंही दोनदा बघितला. रझिया कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यामागं उभ्या असलेल्या बापाकडे बघून हसत होती. माणगावच्यांना ते हसणं फार आवडलं. पावसाळ्याच्या आत लग्न झालं आणि ती कुवेतला गेली.

तिला मुंबईला विमानतळावर सोडून गनीभाई परत आले, त्या संध्याकाळी मी डेपोच्या फाटकापाशी उभा होतो. चहा घेऊ म्हटलं. त्यांनी मान डोलावली. कप हातात धरून बराच वेळ फुंकर घालत बसले. चहा केव्हाच निवला होता.

"साळवी," ते म्हणाले, "तुला एवढा चांगला फोटो काढायला कोणी सांगितलं होतं?"