चांगला कोवालिक कोणाचा

शनिवार, दिनांक १२ मार्च २०२२ रोजी सकाळी सव्वादहा वाजता, आयोवा राज्यातील डब्यूक या गावी, व्हॉसबर्ग दांपत्याच्या स्वयंपाकघरातील टेबलावर स्टॅन कोवालिक या बेसबॉलमधल्या यष्टिरक्षकाच्या छायाचित्राची, मुले जमवतात तसली, दोन कार्डे शेजारी शेजारी मांडलेली होती. दोन्ही १९६२ सालची, दोन्ही कोवालिकच्या पहिल्या हंगामाची. एकाचे चारही कोपरे अजून टोकदार होते. दुसऱ्याच्या मधोमध घडी पडलेली होती. कार्डाचा दर्जा ठरवून ते प्लास्टिकच्या डबीत कायमचे बंद करून देणाऱ्या कंपनीचे अर्ज, दुपारी दोनपर्यंत, माजी सैनिकांच्या लीजन हॉलमधल्या कार्डांच्या बाजारात ओडेल प्रुइट नावाचा विक्रेता स्वीकारणार होता. घडीचे कार्ड पाठवणे हा वेडेपणा, याविषयी घरात एकमत होते. मतभेद एवढाच होता, की चांगले कार्ड कोणाचे.

कारण अर्जावर मालकाचे नाव एकच लिहावे लागते. लग्नानंतर हार्लन आणि नडीन यांनी आपापली लहानपणची कार्डे एका खोक्यात एकत्र केली, तेव्हा कोणते कोणाचे हे लिहून ठेवण्याचे कोणालाच सुचले नाही. पंचेचाळीस वर्षे त्यावाचून अडलेही नाही. आता अडले. तेव्हा, आठव्या वर्षी, आपण वस्तू जपणारे मूल होतो की नाही, याचा निकाल लागायचा होता, आणि अशा प्रश्नावर विवेकी माणसाने माघार घ्यावी असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही.

हार्लन आयुष्यभर जमिनी मोजत आलेला. त्याने कार्डाच्या चारही पांढऱ्या कडा मोजल्या, त्या समसमान असल्याचे जाहीर केले, आणि असा नेटकेपणा आपल्याच संग्रहात शोभतो असा निष्कर्ष काढला. नडीनने चाळीस वर्षे दंतवैद्याच्या दवाखान्यात लोकांचे दात घासले होते. तिने भिंग लावले आणि कोवालिकच्या गालावर मेणाचा पुसट डाग शोधून काढला. आवडते कार्ड आपण पुन्हा ते ज्यातून विकत मिळाले त्या मेणकागदात गुंडाळून खिडकीच्या उन्हात ठेवत असू, म्हणून हा डाग. म्हणून कार्ड आपले, असे तिने सांगितले.

"आणि तुझी कार्डं सायकलच्या चाकात, आऱ्यांवर आवाज व्हावा म्हणून, फडफडायची," ती म्हणाली. "तुझ्या आईनंच सांगितलंय मला."

"ती हरणाऱ्या संघांची. कोवालिकला मी चाकात घातला असता होय?"

नडीन कपडे बदलायला गेली. मेणाचा डाग नायलॉनच्या मोज्याने हलके घासला की निघतो, हे कार्डे जमवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. डाग गेला की दर्जा वाढतो, हे हार्लनने स्वतःला पटवून दिले. डागाबरोबर पुरावाही जातो, ही केवळ आनुषंगिक बाब होती. धुतलेल्या कपड्यांतून त्याने बायकोचा एक जुना मोजा उचलला. त्या मोज्याला उसवण लागली होती, आणि ती पुढे धावू नये म्हणून नडीनने तिच्या टोकाशी बिनरंगी नेलपॉलिशचा ठिपका लावला होता. वाळलेला ठिपका काचेसारखा कडक होतो. डाग गेला, आणि टोपीपासून हनुवटीपर्यंत एक सरळ ओरखडा आला.

नडीनने परत येऊन कार्ड पाहिले, मोजा पाहिला आणि शेवटी नवरा पाहिला.

"डाग गेला," हार्लन म्हणाला.

"बरं झालं. तुझंच कार्ड होतं ते, तूच खराब केलंस. माझं ते घडीचं."

सकाळपासून हार्लनने हेच तर मागितले होते. पण आता ते स्वीकारणे म्हणजे साठ वर्षे जपलेली आपली वस्तू आपणच बिघडवली हे कबूल करणे. तेव्हा त्याने मेणकागदाचा आणि उन्हाचा दाखला दिला. नडीनने कडांच्या मोजमापांचा दिला. हॉलपर्यंतच्या चार मैलांत प्रत्येकाने दुसऱ्याची सकाळची बाजू मांडली, आणि निःपक्षपातीपणे सांगायचे तर मूळ वकिलापेक्षा सरस मांडली.

ओडेलने कार्ड कोणाचे म्हणून विचारले. "हिचं," हार्लन म्हणाला. "ह्याचं," नडीन म्हणाली. दोघांनीही शपथेवर सांगायची तयारी दाखवली. ओडेलने कार्ड दिव्याखाली तिरपे धरले, भिंगातून बराच वेळ पाहिले.

"ओरखडा वरवरचा आहे, थोडा दर्जा खाली येईल. पण कोपरे बघा. ह्या सालचं इतकं जपलेलं कार्ड ह्या हॉलमध्ये मी पाहिलेलं नाही. लहानपणी ज्यानं कुणी सांभाळलं, त्याला मानलं पाहिजे."

मग हार्लन खाकरला, आणि नीट विचार करता कडांच्या मोजमापाचा मुद्दा अगदीच टाकाऊ नसल्याचे म्हणू लागला. त्याच वेळी नडीनलाही खिडकीतले ऊन अधिक स्पष्ट आठवू लागले होते. दोघांचेही हात अर्जाकडे गेले. ओडेलने अर्ज आपल्याकडे ओढून घेतला आणि पेनला टोपण लावले.

"कार्ड पाठवायच्या लायकीचं आहे," तो म्हणाला. "मालक व्हायच्या लायकीचं तुम्हा दोघांत कुणी नाही."