वेटिंग नंबर दोन

आमच्या शेजारचा देवानंद फोनवर आपलं नाव सांगायचा नाही. "हॅलो, मी वेटिंग दोन बोलून राह्यलो, मंगरूळपीरवरून," असं सांगायचा. पलीकडच्या माणसाला ते बरोबर कळायचं, कारण पलीकडे बहुतेक वेळा वेटिंग एक असायचा, नाहीतर निवड यादीतला एक, दोन, तीन किंवा चार नंबर. या सहा माणसांच्या बाहेरही जग आहे, हे देवानंदला ते आठ महिने फारसं मान्य नव्हतं.

आधी आकडे सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. सरकारी रुग्णालयांसाठी प्रयोगशाळा तंत्रज्ञांची भरती निघाली होती. आमच्या जिल्ह्यात देवानंदच्या प्रवर्गाच्या जागा चार, निवडलेले उमेदवार चार. त्यांच्यापैकी कोणी आलं नाही तर म्हणून दोघांची प्रतीक्षा यादी, आणि तीत देवानंद दुसरा. म्हणजे चारांतल्या दोघांनी नोकरी सोडली, तरच देवानंद लागणार. ही यादी एक वर्ष चालते, मग रद्द होते. देवानंदचं वय बेचाळीस, वयाची मर्यादा त्रेचाळीस. पुढच्या भरतीपर्यंत तो त्यात बसणार नाही, हे कळायला काट्यावर चढायची गरज नाही. मी बाजार समितीत वजनकाट्यावर नोंदी करतो, म्हणून तोंडात काटा येतो.

देवानंद चौदा वर्षांपासून एका ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी तंत्रज्ञ आहे. रक्त काढतो, थुंकीच्या काचा तपासतो. दर अकरा महिन्यांनी त्याला नवा आदेश मिळतो आणि त्या दिवशी घरी येऊन तो म्हणतो, "अजून अकरा महिने जिवंत हावो."

या भरतीचा अर्ज भरल्यापासून यादी लागेपर्यंत नऊ टप्पे झाले. मी मोजले. अर्ज, मुदतवाढ, परीक्षा पुढे ढकलणं, परीक्षा, उत्तरतालिका, तिच्यावरचे आक्षेप, निकाल, कागदपत्रांची पडताळणी आणि यादी. या नऊ टप्प्यांत देवानंदच्या तोंडी एक वाक्य कायमचं बसलं, "प्रोसेसमध्ये हाये." नोकरीचं विचारा, प्रोसेसमध्ये हाये. न्हाणीचं दार मोडलं होतं, त्याचं विचारा, प्रोसेसमध्ये हाये. त्याची बायको वैशालीताई घरी शिलाई करतात. त्यांनी एकदा दळण आणायला पाठवलं, तर दोन तासांनी रिकामा डबा घेऊन परत आला आणि तेच म्हणाला. त्या दिवशी वैशालीताईंनी त्याला जेवायलाही प्रोसेसमध्ये ठेवलं.

यादी लागल्यावर आठ दिवसांत देवानंदने पाचही जणांचे नंबर मिळवले. रविवारी सकाळी तो अंगणात खुर्ची टाकून बसायचा आणि एकेकाला फोन लावायचा. आमच्या दोघांच्या घरांत एकच भिंत आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

"रेल्वेत जागा निघाल्या, साहेब. तुमच्यासारख्या हुशार मानसानं इथं काहून सडावं? मी लिंक पाठवतो."

वैशालीताई मशीन थांबवून आमच्या घरी ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, "आमचं लग्न जमलं तवा यायनं मले एक फोन केला नाई. आन् आता त्या चार नंबरले दर आयतवारी इचारून राह्यले, जेवली का म्हनून!"

"अवं, माहिती ठेवा लागते," देवानंद म्हणायचा.

त्यानं सायबर कॅफेतून नकारपत्राचा एक नमुनाही टाइप करून आणला होता. 'मी स्वखुशीने सदर पदावर रुजू होऊ इच्छित नाही.' खाली सहीची जागा, दोन साक्षीदारांची जागा. पाच प्रती. एक प्रत कायम खिशात. यादीत तीन नंबरवर असलेल्या मुलीचं लग्न निघालं, तेव्हा देवानंद आमंत्रण नसताना अकोल्याला लग्नाला गेला. सासरचे लोक सुनेला नोकरी करू देणार नाहीत, अशी त्याला आशा होती. संध्याकाळी परतला तो तोंड पाडून.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय होते? सासरा माईकवर सांगून राह्यला, आमची सून सरकारी हाये. चार वेळा सांगतलं. आहेराचा स्टीलचा डबा फुकट गेला माहा." मग तो म्हणाला, "पोट्टी चांगली हाये पन. मले म्हने, दादा, जेवल्याशिवाय जाऊ नका."

वेटिंग एक म्हणजे जऊळक्याचा सतीश. त्याचं आणि देवानंदचं नातं नाजूक होतं. बाकीच्यांनी नोकरी सोडावी असं दोघांनाही वाटायचं, तेवढ्यापुरते ते एका पक्षाचे. पण सतीशला डेंग्यू झाला तेव्हा देवानंद नारळ घेऊन त्याला पाहायला गेला आणि प्लेटलेट किती, आज किती, काल किती होत्या, असं खोदून विचारू लागला. सतीशच्या आईनं त्याला दारातच सुनावलं, "तुमी पाहाले आले का मोजाले आले?" देवानंदला हे फार लागलं. तो रक्तातलाच माणूस, प्लेटलेट नाही विचारणार तर काय विचारणार?

माझ्याकडे तो टक्के विचारायला यायचा.

"मनोहरभाऊ, तुमी आकड्यायचे मानूस. शेकडा किती चान्स हाये?"

"चारातले दोन जायला पाहिजेत. मी कसं सांगू?"

"अंदाजे."

"पंधरा."

"वीस करा न."

मी अठरा केले. तो समाधानानं घरी गेला. असा भाव मी बाजार समितीतही कधी वाढवून दिला नाही.

सहाव्या महिन्यात एक नंबर तलाठ्याच्या परीक्षेत पास झाला आणि सोडून गेला. त्याच्या जागी सतीश लागला. दोन आणि तीन नंबर आधीच रुजू झाले होते. उरली चार नंबर, कामरगावची प्रणिता. तिचा आदेश कागदपत्रांच्या घोळात अडकून उशिरा निघाला होता. तीस दिवसांत रुजू व्हायचं होतं आणि वीस दिवस झाले तरी ती आली नव्हती.

एका बुधवारी दुपारी देवानंद आमच्या पायरीवर येऊन बसला. लांबून चालत आलेला माणूस बसतो, तसा.

"चार नंबरचा फोन होता," तो म्हणाला. "म्हने, दादा, मी नाई येत. तुमचं काम झालं. या आन् सही घेऊन जा."

त्या संध्याकाळी वैशालीताईंनी शिरा केला आणि वाटीभर आमच्याकडे पाठवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी रजा टाकली. सकाळी साडेसहाची बस, कारंज्याला बदलून कामरगाव. तिथं सही घ्यायची, तिथून वाशीमला जाऊन जिल्ह्याच्या कार्यालयात नकारपत्र द्यायचं. एक साक्षीदार मी. बसमध्ये देवानंद खिडकीतून बाहेर पाहत होता. मध्येच म्हणाला, "मनोहरभाऊ, आमच्या दवाखान्यात हजेरीचं मस्टर हाये न, त्यात कायमवाल्यायचं पान वेगळं आन् कंत्राटीवाल्यायचं पान मांगं, वेगळं. चौदा वर्सं झाले, मी मांगून पान उघडतो." बस्स, एवढंच बोलला.

प्रणिताचं माहेर बसस्टॉपपासून जवळच होतं. ती खाटेवर बसलेली, शेजारी नऊ दिवसांचं बाळ. तिच्या आईनं चहा दिला. देवानंदने खिशातून नकारपत्र काढून पसरलं. प्रणितानं पेन हातात घेतला.

"थांब," देवानंद म्हणाला. "डिस्चार्ज कार्ड पाहू तुहं."

कार्डावर हिमोग्लोबिन साडेसात होतं. देवानंदने तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली.

"लोहाच्या गोळ्या घेतं का?"

"मळमळते दादा."

"जेवल्यावर घे. चहासंग नको घेऊ." मग त्यानं नकारपत्रावर बोट ठेवलं. "इथं स्वखुशीनं लिवलं हाये. खरं हाये का ते?"

तिनं आईकडे पाहिलं. आईनं बाळाच्या अंगावरचं फडकं सारखं केलं.

"सासरे म्हनतात, सव्वा महिना झाल्याबिगर घराबाहेर पाय टाकाचा नाई," प्रणिता म्हणाली. "मुदत दहाच दिवस राह्यली. मंग माही नोकरी आपोआपच गेली न. मंग तुमाले तरी भेटो. तुमी एवढे फोन करता."

"मुदत वाढवून मागता येते, हे कोनी सांगतलं नाई तुले?"

"नाई. येते का?"

आदेशातली ती अट देवानंदला पाठ होती. सबळ कारण असेल तर अर्ज करून मुदतवाढ मिळते, ही ती अट. आठ महिने त्यानं याच एका ओळीची धास्ती घेतली होती आणि फोनवर चुकूनही तिचा उच्चार केला नव्हता. किती वेळ गेला ते मी पाहिलं नाही, पण माझ्या चहावर साय धरली. आता इथं खरं लिहायचं तर मलाही लिहावं लागेल. मला वाटत होतं, यानं गप्प बसावं. तो माझा शेजारी आहे, ती मुलगी माझी कोणी नाही. मी मान खाली घालून साय बाजूला करत बसलो.

"मनोहरभाऊ, कोरा कागद हाये का?" देवानंद म्हणाला. "तुमचं अक्षर साफ हाये. लिवा."

त्यानं अर्ज सांगितला आणि मी लिहिला. प्रसूतीच्या कारणास्तव रुजू होण्यास मुदतवाढ मिळावी, सोबत डिस्चार्ज कार्डाची प्रत. तो कुठंही अडखळला नाही. प्रणितानं सही केली. नकारपत्राची घडी देवानंदने परत खिशात घातली.

निघताना तो तिच्या आईला म्हणाला, "सासऱ्याचा फोन आला त सांगजा, वाशीमवरून साहेब आले होते आन् अर्ज घेऊन गेले."

"तुमी साहेब हा का?" आईनं विचारलं.

"आजच्या दिवस हावो."

वाशीमला पोचायला अडीच वाजले. कार्यालयातला लिपिक देवानंदला चांगला ओळखत होता. दर पंधरा दिवसांनी तो तिथं चौकशीला जायचा.

"या वेटिंगराव! आनलं का नकारपत्र?" लिपिकानं हात पुढं केला. त्यानं कागद वाचला, चष्मा लावून पुन्हा वाचला. "हे काय आनलं तुमी? हे काय हाये, समजते का तुमाले?"

"समजते."

"बाळंतपनाचं कारन हाये. कोनी अडवत नाई, भेटूनच जाते मुदत. मंग तुमचं?"

"शिक्का मारा साहेब."

लिपिकानं शिक्का मारला. तारीख पुसट उमटली. देवानंदने अर्ज परत त्याच्यापुढे सरकवला. "तारीख नीट उमटू द्या. उद्या कोनी तिले म्हनाले नको, अर्ज उशिरा आला म्हनून." लिपिकानं शिक्का पॅडवर दोनदा दाबून दुसऱ्यांदा मारला.

परतीच्या बसमध्ये आम्हाला बसायला जागा मिळाली. मंगरूळपीर जवळ आलं तेव्हा मी विचारलं, "वैशालीताईंना काय सांगशील?"

"खरं सांगतो," तो म्हणाला. "तुमी संग राहा फक्त."

वैशालीताई मशीनवर बसल्या होत्या. आम्हाला पाहून त्यांनी पाय थांबवला. "झालं?"

देवानंदने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. चार-पाच वाक्यांत. त्यात स्वतःच्या बाजूनं एकही शब्द नव्हता. मी दारात उभा राहून माझ्याच चपलांकडे पाहत होतो. वैशालीताईंचा हात मशीनच्या चाकावर होता, तो तसाच राहिला. सुईखाली कुणाचं तरी अर्धं शिवलेलं ब्लाउज होतं.

"किती दिवसाचं हाये लेकरू?" त्यांनी विचारलं.

"नऊ."

"आन् तिचं रक्त?"

"साडेसात."

"साडेसात!" वैशालीताई उठल्या. "आन् तुमी दोघं बाप्ये मानसं तिच्या घरी जाऊन नुसता चहा पिऊन आले? दोन डिंकाचे लाडू तरी न्याचे होते. काई समजते का तुमाले!"

त्या आत गेल्या. एकामागून एक डबे उघडल्याचे आवाज आले. पदरानं नाक पुसल्याचाही आवाज आला. मग आतूनच त्या म्हणाल्या, "डिंक हाये. खोबरं नाई घरात. उभे काय राह्यले, जाऊन आना."

देवानंदने खुंटीवरची पिशवी काढली आणि तो खोबरं आणायला गेला.