मसाजाचे सहा नमुने

मला फसवणारा व्यापारी अजून जन्माला यायचाय! अडतीस वर्षं मी आमच्या शिलाईच्या दुकानात कात्री चालवतेय. शाळा चौथीत सुटली, पण कापड दोन बोटांत धरलं की ते धुतल्यावर किती आटेल, रंग किती सोडेल आणि विकणारा किती खोटं बोलतोय, हे तिन्ही मला एकदमच कळतं. तेव्हा मसाज निवडणं म्हणजे काय मोठं काम, असं मला वाटलं होतं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे मला राग येणार आहे. खरं म्हणजे आलेलाच आहे.

झालं असं, की सकाळी उठले तर माझा उजवा खांदा धरलेला. हात छातीच्या वर जाईना. गंजलेल्या बिजागरीसारखा अर्ध्यावर अडकायचा आणि आतून कुरकुरायचा. दुसरा कुठला दिवस असता तर खांद्याला दोन शिव्या घालून कामाला लागले असते. पण त्या दिवशी टेबलावर गायिकाबाईंचं कापड येऊन पडलं होतं. मोतिया रंगाचं सॅटिन, त्यांच्या बहिणीने परदेशातून पाठवलेलं. मोजून साडेचार मीटर! वीतभर तुकडा जास्त नाही, आणि तसं दुसरं इथे कुठल्या दुकानात मिळायचं नाही. त्याचा पायघोळ झगा बेतायचा होता. संध्याकाळी सहाला बाई कच्च्या शिलाईवर माप बघायला येणार होत्या.

आता आमच्या दुकानाचा नियम ऐका. मशीनवर कुणीही बसावं, कात्री मात्र माझ्याच हातात. सून सात वर्षं शिवतेय. हात बरा आहे तिचा. तोंडावर मी तसं कधी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. पण तिचा डोळा त्या कात्रीवर आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. कात्री गेली की मी कोण? कोपऱ्यात बसून काजं करणारी म्हातारी!

"आई, खांदा दुखतोय का?" सुनेने विचारलंच.

"कुणाचा?"

"तुमचा. डाव्या हाताने चहा पिताय म्हणून विचारलं."

"मग डावा हात काय देवाने शोभेला दिलाय?"

"तसं नाही हो. दुखत असेल तर झगा मी कापते. तुम्ही बाजूला बसून सांगा."

बाजूला बसून सांगा! माझ्या दुकानात, माझ्या टेबलाशी! डोक्यातून नुसती वाफ निघाली माझ्या. त्या वाफेवर चार सदऱ्यांना इस्त्री झाली असती.

तेवढ्यात चिरंजीव मधे पडले. हे नेहमी चुकीच्या वेळी मधे पडतात, बापाच्या वळणावर गेलेत. "आई, कोपऱ्यावर मसाजचं केंद्र उघडलंय. तासाभरात मोकळी होशील. जाऊन तर ये."

"जाते. तीनच्या आत परत येते. तोवर त्या कापडाला कुणी बोट लावलं तर बोट कापून ठेवीन!"

"कुठल्या हाताने?" चिरंजीवांनी विचारलं.

पोटचा गोळा म्हणून सोडला.

त्या केंद्रात पाऊल टाकलं तर भर दुपारी पडदे ओढून अंधार केलेला. आणि कुठेतरी पाणी वाहत होतं.

"अगं, नळ उघडा राहिलाय तुमचा!" मी गल्ल्यावरच्या मुलीला म्हटलं.

"मॅडम, ते संगीत आहे."

"संगीत? मग आमची मोरी रोज मैफल करते!"

तिने न हसता एक कार्ड पुढे केलं. मी अक्षराला अक्षर लावून वाचायला लागले. स्वीडिश. डीप टिश्यू. थाई. हॉट स्टोन. फूट काहीतरी, त्यापुढचा शब्द कार्डाच्या कडेपर्यंत गेला होता. शेवटी अरोमा.

"यातला कुठला हवा, मॅडम?"

"यातला चांगला कुठला?"

"सगळेच चांगले आहेत."

बघा! अगदी कापडवाल्याचं उत्तर. मी कार्ड तिच्यासमोर आपटलं. "हे बघ बाळ, नुसत्या नावावरून मी आजवर रुमालसुद्धा घेतलेला नाही. आधी नमुना दाखव. प्रत्येकाचा तुकडा अंगावर बघेन, ओढून-ताणून पारखेन, मग सांगेन कुठला तासभराचा घ्यायचा."

"आमच्याकडे नमुना नसतो, मॅडम."

"मग मालात खोट असणार! मी इथेच बसते. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच सांगते."

मी तिथे बसलेच. दोन गिऱ्हाइकं ऐकून परत गेली तेव्हा मुलगी आत धावली आणि बाहेर येऊन म्हणाली, "सहाही प्रकार, दहा-दहा मिनिटं. चालेल?"

न चालायला काय झालं? जिंकले होते मी!

मग तिने एक कागद दिला. त्यावर माणसाचं पुढून-मागून चित्र. "जिथे दुखतं तिथे फुली मारा."

इथे माझं शहाणपण आडवं आलं. बाजारातला पहिला धडा काय? जे थान हवं असेल त्याकडे बघायचंसुद्धा नाही! व्यापाऱ्याला आपली गरज कळली की तो डोक्यावर बसतो. हिला खांदा कळला असता तर ती म्हणाली असती, रोज या, महिनाभर या. म्हणून मी उजवा खांदा तेवढा सोडला आणि बाकी सगळीकडे फुल्या मारल्या. गुडघे, कंबर, मान, दोन्ही कोपरं, टाचा. चित्रातला माणूस कशिदा काढल्यासारखा दिसायला लागला. खाली झोकात सहीही ठोकली.

आत एक बाई उभी होती. मनगटं माझ्या पोटऱ्यांएवढी. मनातल्या मनात मी तिचं नाव ठेवलं, पोलादीबाई.

पहिला नमुना स्वीडिश. ती पाठीवरून अशी हात फिरवायला लागली, जणू मांजरीला समजूत घालतेय.

"जोर ठीक आहे का, मॅडम?"

"जोर? सुरू कधी करणार आहेस? जेवली नाहीस वाटतं आज!"

पोलादीबाईने बाह्या वर सारल्या. दुसरा नमुना डीप टिश्यू. तिने कोपर काढलं आणि माझ्या कंबरेत असं रोवलं, की ते पलीकडून टेबलाला टेकलं असणार. डोळ्यांसमोर काजवे चमकले.

"आता जोर ठीक आहे?"

"ठीक आहे," मी दात आवळून म्हटलं. "लहान मुलांसाठी."

आता तुम्ही म्हणाल, ही बाई स्वतःच्या मरणाचा बेत स्वतःच बेततेय. पण माघार घ्यायची? मी? तिसऱ्या नमुन्यात तिने माझे पाय धरून मला तागा गुंडाळतात तशी गुंडाळली, उलगडली, पुन्हा गुंडाळली. मान धरून फिरवली तर कट्कन आवाज झाला. मला वाटलं टेबल मोडलं. टेबल धडधाकट होतं.

एवढं करून उजव्या खांद्याला हिचा हात काही लागेना! अंगभर फिरायची आणि खांद्याशी आली की वळसा घालून पुढे जायची. मी दोनदा खाकरले. खांदा जरा उचलून दाखवला. शेवटी म्हटलं, "जरा इकडे, उजवीकडे, थोडं वर..."

"तिथे फुली नाही, मॅडम. फुली नाही तिथे हात लावायचा नाही, नियम आहे."

"नियम कुणाचा?"

"केंद्राचा. कागदावर तुमचीच सही आहे."

मेलीने मला माझ्याच सहीने बांधलं! आता 'खांदाच दुखतोय' म्हणायचं, तर मघाच्या एवढ्या फुल्या खोट्या ठरणार. मी तोंड दाबून पडून राहिले. चौथ्या नमुन्यात पाठीवर तापलेले दगड मांडले. इस्त्री तरी पुढे सरकते हो! हे आपले एकाच जागी बसून भाजत होते. पाचव्यात तिने पायाच्या अंगठ्याखाली बोट खुपसलं आणि म्हणाली, "हे तुमचं यकृत."

"माझं यकृत पोटात आहे! तुझं कुठे असतं?"

आणि सहावा तो अरोमा. कसल्याशा जांभळ्या फुलांचं तेल. कानामागून टाचांपर्यंत ओतलं, आणि कोपरांवर दोन फुल्या म्हणून तिथे दुप्पट.

बाहेर आले तेव्हा मुलीने विचारलं, "मग कुठला घेताय तासभराचा?"

मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घरी सव्वातीनला पोचले. दोन्ही हात अंगापासून लांब, मान समोर खिळलेली, जणू हँगरसकट कोट चालत आला. सून दारातच होती.

"आई! काय झालं?"

"काय व्हायचंय? मोकळी झाले."

"मान वळवून बघा बरं."

"तुझ्याकडे बघायला मला मान वळवायची गरज नाही!"

तळहात साबणाने तीनदा धुतले. तेल मला कळत नाही होय? सॅटिनवर तेलाचा थेंब म्हणजे अंधाऱ्या खोलीत दिवा, लपता लपत नाही. टेबलावर कापड पसरलं, कात्री उचलली. खांदा? तसाच! अर्ध्यावर अडकला. म्हणून मी जरा आधार घ्यायला डावा हात टेबलावर टेकला. तळहात नाही हो, कोपर टेकलं. मनगटापर्यंत सबंध हात. दुप्पट तेलाचा.

उचलला तर सॅटिनवर माझा हात तसाच! कोपराच्या सुरकुत्यांसकट. झग्याची पाठ निघायची, बरोबर तिथे मधोमध.

 दुकानभर जांभळ्या फुलांचा वास सुटला होता.

"पावडर आणा!" मी ओरडले. पावडर टाकली, टिपकागद ठेवला, झटकलं. डाग फिका झाला, गेला नाही. पाणी लावावं तर त्याचा वेगळा डाग. आणि घड्याळ पुढे चाललेलं. चिरंजीव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. भिंतीने काय उत्तर दिलं असतं?

सुनेने खडू घेऊन कापडाभोवती एक फेरी मारली. मग म्हणाली, "आई, पाठ अखंड काढायची नाही. मधून शिवण घालू. दोन्ही भागांची जागा बदलून बाहीचे मुंढे मधे आणले की डाग मुंढ्याच्या कटात जातो, कातरणात."

"शिवणीत दाबायला माया पुरायची नाही."

"अर्धा इंच सुटते."

"एक भाग उलटा लागला तर झळाळी वेगळी दिसेल."

"दोन्ही वरून खालीच घेतलेत. बघा."

बघितलं. खोट शोधली. जीव तोडून शोधली. एक मिळाली नाही! याहून मोठा अपमान माणसाचा दुसरा काय करावा?

"मग काप ना!" मी कात्री तिच्यापुढे सरकवली. "उभी काय राहिलीस? की तेही मीच करू?"

मला उभंही राहवेना. टेबलाच्या रिकाम्या टोकावर मी आडवी झाले आणि छताकडे बघत नुसता आवाज ऐकत राहिले. हात घाबरला की कात्री थांबते, आवाजावरून कळतं मला. थांबेल, आत्ता थांबेल, म्हणून कान लावून होते. मेली एकदाही थांबली नाही! अडतीस वर्षांत मीही त्या मुंढ्याच्या वळणावर एकदा थांबतेच.

सहाला गायिकाबाई आल्या. कच्च्या शिलाईतला झगा अंगावर चढवून आरशासमोर गोल फिरल्या.

"अहो, पाठीत ही शिवण! मी तर सांगितलीही नव्हती. काय बसलाय हो अंगाला! कुणाची कल्पना ही?"

मी डोळे मिटले. आता ही सांगणार. सात वर्षांचं एका वाक्यात वसूल करणार.

"आईंची," सून म्हणाली. तोंडातली टाचणीसुद्धा न काढता.

"वाटलंच मला!" बाई टेबलावर वाकून माझ्याकडे बघत म्हणाल्या. "असं नुसतं पडून विचार करता का तुम्ही?"

एक सांगते. मी खोटं श्रेय घेणारी बाई नाही. मान धरली होती म्हणून, नाहीतर तिथल्या तिथे नकारार्थी हलवली असती.

तोंडाला काय झालं होतं, हे कृपा करून कुणी विचारू नका.