राजाने सोडला, तरी सेनापती मेला

"सासूबाई, अगदी पहिल्या रांगेत बसा! माझा राजा बघून लोक थरथर कापतील!" दातांच्या डॉक्टरांनी छाती फुगवून सांगितलं. लोक त्यांच्या दवाखान्यातही कापत, पण ते वेगळं.

गल्लीतल्या हौशी मंडळाने एक जुनं, गाजलेलं नाटक बसवलं होतं. क्रूर राजा निरपराध सेनापतीला फाशी देतो, त्याची बायको शाप देते आणि राजा वेडा होतो. राजा डॉक्टर, सेनापती कोपऱ्यावरचा शिंपी आणि दिग्दर्शक चित्रकलेचे मास्तर.

दुसऱ्या अंकात शिंप्याने कमाल केली! गुडघे टेकून त्याने प्राणांची अशी भीक मागितली, की सभागृहभर नाकं ओढल्याचे आवाज आले. डॉक्टरांनी तलवार उगारली. "घेऊन जा या..."

"अहो जावईबापू, सोडा हो बिचाऱ्याला!" सासूबाई कडाडल्या.

सासूबाईंपुढे डॉक्टरांनी आजवर ब्र काढला नव्हता. त्यात सगळं सभागृहच ओरडू लागलं, "सोडा! सोडा!" मुकुटाखाली दरदरून घाम फुटला.

"बरं," डॉक्टर पुटपुटले, "सोडला!"

टाळ्यांचा कडकडाट! विंगेत मास्तरांनी कपाळ बडवून घेतलं. "अहो, पुढच्या अंकात त्याची बायको रडायची आहे! मारा त्याला!"

"आता कसा मारू? माफी दिली ना!"

"मग शिंपीदादा, तुम्हीच मरा!"

पण शिंपी कसला मरतो! टाळ्यांनी हरखून तो वाकून वाकून नमस्कार करत होता. शेवटी डॉक्टर पुढे झाले. "सेनापती, फार आनंद झाला तर हृदय बंद पडतं बरं का!" असं बजावत त्यांनी शिंप्याच्या अंगठ्यावर सगळा भार टाकला. शिंपी किंकाळी फोडून जो कोसळला, तो पडदा पडेपर्यंत उठला नाही.

"अरेरे! सुटला आणि गेला!" सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

पुढच्या अंकात शाप आता नेमका कुणाला द्यायचा, हे सेनापतीच्या बायकोला कळेना. तिने तो पहिल्या रांगेकडे बोट दाखवून देऊन टाकला.

"मी काय केलं गं?" सासूबाई उठून उभ्याच राहिल्या!

लोक हसून हसून लोळले. घरी आल्यावर डॉक्टरांनी ऐटीत बायकोला विचारलं, "कसा वाटला राजा?"

"छान," ती म्हणाली. "लग्नाला इतकी वर्षं झाली, माझं एक ऐकलं नाहीत. आईने एकदा सांगितलं, तर फाशीचा माणूस सोडलात?"

डॉक्टरांनी राजाची खोटी मिशी उतरवून ठेवली.